कुळेच्या रुळांना रंग देताना

मॉडेल रेल्वेच्या छंदात आम्ही इंजिनांवर महिनेच्या महिने घालवतो. नंबर, हॉर्न, जाळ्या, डब्यांच्या निळ्याची नेमकी छटा, सगळं फोटो समोर ठेवून जुळवतो. मग ते सजवलेलं इंजिन काळ्याकुळकुळीत प्लास्टिकच्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, आणि चमचमत्या रुळांवर उभं राहतं आणि खेळण्यातलं दिसू लागतं. माझं ठाम मत आहे की ह्या छंदात कमीत कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक पाडणारं काम म्हणजे रुळांना रंग देणं. गेल्या वर्षी चवथीच्या आधी माझ्या मांडणीवरच्या, म्हणजे टेबलावर उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या, यार्डात मी ते नेटाने केलं. त्याचीच ही हकीकत.

मी कुडचड्याला राहतो. मुरगाव बंदरातून निघून मडगाव, सावर्डे, कुळे करत दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणारी लाइन आमच्या गावातूनच जाते. १८८८ पासूनची ही लाइन. पोर्तुगीज अमदानीत मीटरगेज म्हणून बांधली, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. कुळे हे घाटाच्या पायथ्याचं स्टेशन. तिथून पुढे ३७ ला १ चा चढ, म्हणून वर जाणाऱ्या मालगाड्यांना मागून रेटायला बँकर इंजिनं लागतात. आज कुळे म्हटलं की लोकांना दूधसागरच्या जीपगाड्या आठवतात, मला आठवतात ती ओळीने धडधडत उभी असलेली बँकर. माझी मांडणी कुळेवर बेतलेली आहे. मुख्य लाइन, दोन लूप (मुख्य लाइनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या बाजूच्या लाइनी), एक आखूड सायडिंग (डबे उभे करायची बाजूची लाइन) आणि घाटाकडे जाणारं पहिलं वळण, एवढाच तुकडा. काळ घेतला आहे तो २०१० मध्ये कर्नाटकाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घालण्याआधीचा. तेव्हा बळ्ळारी-हॉस्पेटकडचं खनिज घाट उतरून गोव्यात यायचं आणि बंदरातला कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जायचा. कोळसा आजही जातो. रुळांच्या रंगाच्या दृष्टीने ह्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या, त्याकडे पुढे येतो.

आधी मापांचं सांगतो, कारण रंगाचं काम तिथूनच सुरू होतं. स्केल एचओ, म्हणजे १:८७. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, ते ह्या प्रमाणात १९.३ मिमी यायला हवं. बाजारात मिळणारा ट्रॅक १६.५ मिमीचा, १४३५ मिमी गेजसाठी बनवलेला. भारतीय गाड्या करणारे बहुतेकजण ही तडजोड मान्य करून पुढे जातात, मीही गेलो. दुसरी तडजोड रुळाच्या उंचीची. कोड १०० चा रूळ म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिमी उंच. ८७ ने गुणलं की २२१ मिमी होतात. आपल्या ६० किलोच्या खऱ्या रुळाची उंची १७२ मिमी. म्हणजे मॉडेलमधला रूळ जवळजवळ पाच सेंटिमीटरने जास्त उंच. कोड ७५ घेतला तर हिशेब १६६ मिमीवर येतो, बराच जवळ. माझ्या यार्डात कोड ७५ आहे, डोंगराच्या मागे लपलेल्या भागात जुना कोड १००. पण बोगद्याच्या तोंडाशी कोड १०० चा हातभर तुकडा बाहेर डोकावतो आणि तिथे रंगाची करामत फार स्पष्ट दिसते. रुळाची चमकती बाजू गडद झाली की डोळा फक्त माथ्याची बारीक रेघ पकडतो. न रंगवलेला आणि रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा, दोन्ही एकाच उंचीचे आहेत ह्यावर विश्वास बसत नाही.

रंगाची ट्यूब उघडण्याआधी मी बरेच दिवस नुसता बघत होतो. परदेशी कंपन्यांचे खास रुळांसाठीचे तयार रंग मिळतात, चांगले असतात, पण ते तिकडच्या रुळांकडे बघून केलेले. आपली माती जांभ्याची, आपले स्लीपर काँक्रीटचे, आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. तो रंग इथे आयता फासला तर रूळ गोव्यातला वाटत नाही. म्हणून बघणं आलं. बघायचं ते प्लॅटफॉर्मवरून आणि गाडीच्या खिडकीतून. रुळांवर अजिबात उतरू नये. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि घाटात तर जिवाशी खेळ आहे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन शांतपणे उभं राहिलं तरी भरपूर दिसतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की रुळाला एक रंग नसतोच. मुख्य लाइनच्या रुळाची बाजू गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. लूपवर तीच बाजू तांबूस. सायडिंगला नारिंगी गंज आणि माथाही मंद, विटका. कारण साधं आहे. रहदारीच्या रुळावर चाकं माथा घासून लखलखीत ठेवतात, आणि बाजूच्या गंजावर ब्रेकची पूड, तेल, धूळ बसत बसत तो गंज काळवंडतो. जिथे गाडी क्वचित जाते तिथे हे काही बसत नाही, नुसता गंज उरतो. म्हणजे रुळाच्या बाजूचा रंग बघून त्या लाइनवर किती गाड्या धावतात ते सांगता येतं. हे कळलं आणि माझं पुढचं सगळं काम सोपं झालं. कुठला रंग कुठे लावायचा हे ठरवताना मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत गेलो: इथे काय थांबतं, काय सांडतं, पाणी कुठून येतं?

ह्यात मला मोठी मदत झाली ती काकांची. काका रेल्वेत कीमॅन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपला ठरलेला पट्टा पायी तपासणं हे त्यांचं काम, तेही मीटरगेजच्या काळापासून. त्यांना मॉडेलचं फारसं अप्रूप नाही, पण रूळ म्हटला की खुर्ची पुढे ओढून बसतात. "गाडी कुठं ब्रेक लावता ते बघ आधी," हे त्यांनी सांगितलं. घाट उतरून आलेली गाडी कुळेत शिरते त्या टोकाला खडीवर तपकिरी पूड जास्त, कारण उतारभर तापलेल्या ब्रेकांची झीज तिथवर सांडत आलेली असते. बँकर जिथे तासन्‌तास उभी राहतात तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा. सिग्नलपाशी इंजिन थांबतं त्या जागीही तसाच, पण आखूड. कोळशाच्या वाघिणी जिथून चढाला लागतात तिथे खडीच्या फटींत काळी भुकटी. आणि खनिजाच्या दिवसांत ह्या सगळ्यावर तांबडी धूळ, ती आता कुळेत पूर्वीइतकी दिसत नाही. ती काकांच्या सांगण्यावरून आणि जुन्या फोटोंवरून घेतली.

स्लीपरचंही तसंच. काँक्रीटचा स्लीपर म्हणजे करडा, असं आपण धरून चालतो. दुहेरीकरणाच्या कामात टाकलेले नवे स्लीपर खरंच फिकट, पांढुरके दिसतात. तेच चार पावसाळे काढले की मध्ये काळसर, रुळाच्या बुडाशी गंजाचे ओघळ, टोकांना मातीचा लालसर हात. म्हणजे एकाच स्लीपरवर तीन रंग. मधला भाग गडद आणि टोकं उजळ, हे बारकाईने केलं तर दुरूनही ट्रॅक खरा वाटतो.

आता प्रत्यक्ष काम.

रंग चढल्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून विजेच्या सगळ्या तारा रुळांना आधीच जोडून घेतल्या आणि दोन-तीन दिवस गाड्या चालवून खात्री केली. मग ट्रॅक साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासला. कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकवर साच्याचं तेलकटपण असतं, हातांचंही तेल लागतं, त्यावर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. सुकल्यावर सांधे, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणाऱ्या जागा, झाकले. सांध्याची हलणारी जीभ जिथे रुळाला टेकते तो पृष्ठभाग, जिभेची खीळ आणि दोन्ही जिभांना जोडणारी पट्टी, ह्या जागांवर रंग जाता कामा नये. बहुतेक सांध्यांत वीज ह्याच स्पर्शातून पुढे जाते. पातळ मास्किंग टेपच्या चिंध्या कापून चिमट्याने बसवल्या, खिळीवर मशीनच्या तेलाचा बारीक थेंब टेकवला. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईने अजिबात होत नाही.

मग प्रायमर. ऑगस्टची हवा म्हणजे भिंतीलाही घाम. स्प्रेच्या डब्यातलं प्रायमर अशा हवेत मारलं की द्रावक झरझर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढरट पडतो. मी पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक प्रायमर घेतलं, हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने, ०.३ मिमीच्या नोझलमधून, १५ ते २० पीएसआय दाबावर, हात हलका ठेवून. उघडीप असलेली दुपार निवडली. प्रत्येक थरानंतर टेबलफॅन लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बोट लावलं नाही. पावसाळ्यात रंग वरून सुकलेला वाटतो, आत ओला असतो. ह्या दिवसांत धीर हाच खरा थिनर.

रुळांच्या बाजूसाठी कॅमलचे साधे अॅक्रिलिक रंग वापरले. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि पुरेसे आहेत. मुख्य लाइनसाठी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग, काळ्याचा अगदी टिपका. लूपसाठी अंबर आणि सिएना सारखे. सायडिंगसाठी सिएनात थोडं यलो ऑकर, थोडी नारिंगी. मिश्रण प्लेटवर करून ठेवायचं, पण पूर्ण एकजीव करायचं नाही. ब्रश प्लेटच्या वेगवेगळ्या कडेला बुडवत गेलं की वीतभर रुळातच छटा आपोआप बदलत जाते, खऱ्या रुळासारखी. चपटा छोटा ब्रश, रुळाला समांतर धरून. बाहेरची बाजू आधी, मग आतली. आतल्या बाजूला स्लीपर आणि क्लिपा आडव्या येतात, तिथे ब्रशचं टोक उभं करून खाचेत दाबावं लागतं. दिव्याच्या उजेडात, डोळा रुळाच्या पातळीवर आणून पाहिलं की चमकती राहिलेली जागा लगेच सापडते.

माथा पुसणं हे ह्या कामातलं सगळ्यात जोखमीचं. रूळ निकल सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, नावापुरतीच चांदी. त्यांच्यावर रंगाचा पातळ पापुद्रा राहिला तरी इंजिन अडखळतं. हातभर रूळ रंगवला की लगेच लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून, किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, माथ्यावरून सरळ ओढायचं. रंग ओला असताना एका फेऱ्यात निघतो, सुकल्यावर खरवडावा लागतो. माथ्याची आतली कडही पुसायची, कारण चाकाची कड तिथे टेकते आणि वीज तिथूनही घेतली जाते. पॉलिशपेपर मात्र जवळही आणू नये. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत पुढे मळ साठत जातो. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून हे करताना ट्रॅकची वीज बंद, खिडक्या उघड्या.

क्लिपांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते मला स्वतःला फार आवडलेलं काम आहे. आपल्या काँक्रीट स्लीपरवर रूळ धरून ठेवते ती वळवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाची क्लिप, एका रुळाला आत एक, बाहेर एक. गंज धरू नये म्हणून तिला ग्रीस लावतात, त्यामुळे ती रुळापेक्षा काळी, किंचित ओलसर दिसते. मॉडेलमध्ये ती जेमतेम मिलिमीटरभराची गाठ. शून्य नंबरच्या ब्रशने प्रत्येक गाठीवर काळपट तपकिरीचा टिपका दिला. प्रत्यक्षात एका किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरला एक, मॉडेलमध्ये सात मिलिमीटरला एक. तेव्हा हे टिपके किती होतात ते ज्याने त्याने मोजावं. मी पुढच्या दोन लाइनींनाच ते केलं. मागच्या लूपवर फूटभर अंतरावरून दिसतच नाहीत, तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. जुन्या लूपवर फिशप्लेटचे, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे, जोड दाखवले आहेत, तिथे ग्रॅफाइट ग्रीसचा गडद डाग. वेल्डच्या जोडाजवळ रुळाच्या पोटावर रंगाने आकडे लिहिलेले असतात, तिथे फिकट पिवळ्याचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. तो वाचता येत नाही, पण तो तिथे आहे हे काकांनी चष्मा पुढे करून ओळखलं.

स्लीपरवर आधी उबदार फिकट करडा, पांढऱ्यात काळा आणि रॉ अंबर. सुकल्यावर अंबर आणि काळ्याचं ताकासारखं पातळ पाणी फिरवलं. ते खाचांत उतरतं, वरचा भाग फडक्याने टिपून घेतला. मधे मधे एखाद-दुसरा स्लीपर मुद्दाम फिकट ठेवला, बदललेला नवा म्हणून. हे जपून करावं. फार झाले तर ट्रॅक पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

ह्यानंतर खडी. ती रंगाच्या नंतरच टाकायची, नाहीतर रुळाची बाजू रंगवताना खडीही रंगते. रेल्वेची खडी साधारण ६५ ते २० मिमीची. ८७ ने भागलं तर मोठा दगड पाऊण मिलिमीटरचा होतो. मॉडेलसाठी म्हणून विकली जाणारी खडी बरेचदा ह्याहून जाडी असते आणि ट्रॅक दगडांच्या ढिगात रुतल्यासारखा दिसतो. मी क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणली, धुऊन वाळवली, रव्याच्या चाळणीतून खाली पडलेली आणि मैद्याच्या चाळणीत वर राहिलेली तेवढीच घेतली. चाळताना तोंडाला चांगला मास्क हवाच, दगडाची पूड फुप्फुसाला वाईट.

लाल मातीसाठी घरामागचा जांभा होताच. माती उन्हात वाळवायची म्हटलं तर ऑगस्टात ऊन कुठलं, म्हणून एका जुन्या कढईत मंद आचेवर कोरडी भाजली. ओल जाते, किडे आणि बुरशीही जातात. चाळल्यावर मात्र एक गोष्ट केलीच पाहिजे, गोव्यात तर हमखास. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून मातीतून दोन-चारदा फिरवायचा. पिशवीवर बारीक काळे कण मिशीसारखे उभे राहतात. आपल्या मातीत लोहाचे चुंबकाला धरणारे कण असतात. तेच उडून इंजिनाच्या मोटरीच्या चुंबकाला चिकटले की मोटर घासायला लागते. पिशवी उलटी करून कण टाकून द्यायचे आणि चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत पुन्हा फिरवायचा. कचेवरही हाच सोपस्कार केला.

खडी चमच्याने दोन स्लीपरच्या मध्ये सोडून मऊ ब्रशने पसरायची, स्लीपरच्या माथ्याच्या वर येऊ द्यायची नाही. रुळावर ब्रशच्या दांड्याने टकटक केलं की क्लिपांवर अडकलेले दाणे खाली बसतात. सांध्याच्या जिभांपाशी अगदी थोडी, हलणाऱ्या पट्टीखाली काहीच नाही. मग अल्कोहोल आणि पाणी बारीक फवाऱ्याने मारून सगळं भिजवलं आणि निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, ड्रॉपरने कडेकडेने सोडत गेलो. खडी आधी नीट भिजलेली असेल तर गोंद स्वतःहून आत शोषला जातो. कोरडी असेल तर गोळे होऊन वर तरंगतो. पांढरा पडदा दिसतो तो सुकल्यावर जातो. कोरड्या दिवसांत एका रात्रीत जे होतं त्याला पावसात पंखा चालू ठेवूनही दोन-तीन दिवस लागतात, आणि ते द्यावेत. ह्या काळात सांध्यांची जीभ अधूनमधून हलवत राहिलो, गोंद तिथे झिरपला असेल तर सुकण्याआधीच कळतं.

आतापर्यंतचा ट्रॅक स्वच्छ होता, नव्याने टाकल्यासारखा. कुळे दिसायला लागलं ते पुढच्या थरांत. एअरब्रशमध्ये खूप पातळ अंबर घेऊन, दोन रुळांच्या मधल्या पट्ट्यावर एक हलका फवारा, सगळीकडे. घाटाकडच्या टोकाला तोच तीनदा, सिएना वाढवून. मग कोरड्या पुडी. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिशपेपरवर घासून काळी, तांबडी आणि मातकट पूड करून ठेवली होती, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यांत, नाहीतर ह्या हवेत तिच्या गुठळ्या होतात. चढाच्या लाइनवर काळी पूड खडीच्या फटींत ब्रशने ढकलली, उताराच्या लाइनवर तांबडी. मध्ये दोन्ही एकमेकांत मिसळू दिल्या, तिथे जो जांभळट-तपकिरी येतो तो मला सावर्डे स्टेशनच्या लहानपणच्या आठवणीतला अगदी तोच वाटला. पूड पक्की करायला वरून मॅट व्हार्निश मारलं नाही. त्याने पुडीचा रंग मरतो आणि दमट हवेत पांढरट थर येण्याची भीती असते. अल्कोहोलचे थेंब सोडले की ती खाली बसते, खाली गोंदाची पकड आहेच, आणि ट्रॅकला कोण रोज हात लावतं?

बँकरच्या जागी तेलाचा पट्टा काळ्या-अंबरच्या ऑइल रंगाने, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. सुकल्यावर त्यावर ग्लॉस व्हार्निशचे दोन-चार बारीक ठिपके, ताजं गळलेलं तेल म्हणून. हे ठिपके फार थोडे हवेत. चमक ही आधीच्या मॅट पृष्ठभागावर एकदम डोळ्यात भरते.

पावसाचा रंग शेवटी. गोव्यातल्या ट्रॅकवर हिरवं नाही असं होतच नाही, पण ते सगळीकडे सारखं नसतं. रहदारीच्या दोन रुळांच्या मध्ये तेल आणि कोळशामुळे काही उगवत नाही. हिरवं येतं ते स्लीपरच्या बाहेरच्या टोकांना, झाडांच्या सावलीतल्या बाजूला, प्लॅटफॉर्मच्या भिंतीच्या बुडाशी आणि सायडिंगभर. यलो ऑकरमध्ये थोडा काळा मिसळला की शेवाळी हिरवट रंग मिळतो, ट्यूबमधल्या तयार हिरव्यापेक्षा किती तरी खरा. तो पातळ करून ह्या जागी झिरपू दिला. सायडिंगमध्ये गवताचे तंतू लावले, आणि डोंगर कापलेल्या बाजूने भाजलेल्या मातीचा एक ओघळ नाल्यातून खडीपर्यंत आणला, जोराच्या पावसानंतर येतो तसा. सायडिंगच्या शेवटच्या वीतभराला मी वीजच दिलेली नाही. तिथे एक मोडकी वाघीण कायमची उभी आहे. त्यामुळे तिथला माथाही बिनधास्त गंजाच्या रंगाने रंगवता आला. चालत्या सायडिंगला ती मुभा नसते.

सगळं सुकल्यावर माथे पुन्हा पुसले, व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडाला मोजा बांधून सुटे दाणे ओढून घेतले, सांध्यांवरची टेप काढली आणि एकटं इंजिन अगदी मंद गतीने सगळ्या लाइनींवरून फिरवलं. जोरात फिरवून कळत नाही. वेगात असलेलं इंजिन मृत जागा झोकात ओलांडून जातं. गोगलगाईच्या चालीने जिथे अडलं तिथे पुन्हा पुसलं.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी काका येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग घाटाच्या वळणावर बोट ठेवलं. "भायल्या रुळाक ग्रीस खंय?" म्हणजे बाहेरच्या रुळाला ग्रीस कुठे? तीव्र वळणावर चाकांची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला सतत घासते. झीज कमी व्हावी म्हणून त्या कडेला ग्रॅफाइटचं ग्रीस लावतात, आणि ती कड काळी दिसते. घाटात तर ठिकठिकाणी. माझ्या वळणावर ती कड स्वच्छ चमकत होती, कारण तिथूनच इंजिन वीज घेतं आणि तिथे रंग चालत नाही. पण ग्रॅफाइट चालतं, ते विजेचं वाहक आहे. मी ६बी ची पेन्सिल काढली, टोक तिरकं घासून चपटं केलं आणि बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेवरून वळणभर ओढली. कड काळी झाली, मऊ, तेलकट झाक असलेली. इंजिन मंद गतीने पुन्हा सोडलं, एकदाही अडलं नाही. काकांनी ते दोनदा फिरवायला लावलं आणि मग खुर्ची मागे सारून विचारलं, आता मीटरगेजचे पोलादी स्लीपर कधी करतोस? बारा मिलिमीटरचा ट्रॅक मागवला आहे. त्या स्लीपरांचा रंग कसा असायचा ह्यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.